घट्ट म्हणजे नक्की किती घट्ट?

आपल्याकडे नट-बोल्ट आवळणं हे कमी डोक्याचं आणि जास्त दंडाचं काम समजलं जातं. ‘इंजिनिअर झालास आणि पाने कसले फिरवतोस?’ हे वाक्य मेकॅनिकलच्या कितीतरी पोरांनी घरी ऐकलं असेल. (आम्ही कॉम्प्युटरवाले यातून सुटलो. आम्ही दिवसभर नक्की काय फिरवतो ते घरच्यांना अजून कळलेलंच नाही.) आणि एकदा ताकदीचं काम म्हटलं, की बोल्ट जेवढा मोठा तेवढा पहिलवान मोठा, किंवा मशीन मोठं, एवढंच गणित उरतं.

माझं म्हणणं बरोब्बर उलटं आहे. बोल्ट जसजसा मोठा होतो, तसतसा ताकदीचा प्रश्न सोपा होत जातो आणि ‘हा खरंच आवळला गेलाय का?’ हा प्रश्न अवघड होत जातो. आणि पैसे मात्र आपण पहिल्या प्रश्नावर खर्च करतो.

थोडे आकडे बघू. शनिवार आहे, वेळ आहे.

गाडीचं चाक बदलताना नट शंभरेक न्यूटन-मीटरला आवळतात. म्हणजे फूटभर पान्याच्या टोकावर तीस-पस्तीस किलोचा जोर. कोणीही करू शकतं. आता पवनचक्की घ्या. तिचा मनोरा म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पोलादी नळ्या. दोन नळ्या जिथे भेटतात तिथे आतल्या बाजूला जाड कडा असते, फ्लँज म्हणतात तिला, आणि त्या कडेवर गोलाकार शंभराच्या आसपास बोल्ट. समजा हे बोल्ट छत्तीस मिलिमीटर व्यासाचे आणि १०.९ ग्रेडचे आहेत. (नव्या, उंच मनोऱ्यांत याहून बरेच जाड असतात.) असा एक बोल्ट आवळायला साधारण २८०० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. सत्तर किलोचा माणूस एक मीटर लांब पान्याच्या टोकाला नुसता लोंबकळला तर होतात सातशेच्या आसपास. म्हणजे असे चार जण एका पान्याला लोंबकळायला हवेत, आणि हे शंभर वेळा. तेही मनोऱ्याच्या आत, जिथे चार माणसांनी नीट उभं राहायचीच मारामार.

म्हणून मग हायड्रॉलिक टॉर्क रेंच. एक छोटा पंप, दोन जाड नळ्या आणि हातात मावेल असा लोखंडी ठोकळा. पंप तेलाला ७०० बारपर्यंत दाबतो. आपल्या गाडीच्या टायरमध्ये सव्वादोन-अडीच बार असतो, त्यावरून अंदाज करा. ठोकळ्याच्या आतला दट्ट्या खटक खटक करत रॅचेट फिरवतो आणि नट निमूटपणे फिरतो. पंचवीस हजार न्यूटन-मीटरचं मशीनसुद्धा विकत किंवा भाड्याने मिळतं. तर ताकदीचा विषय इथे संपला. भीमाला सुट्टी.

आता खरी गंमत. ‘घट्ट’ म्हणजे मुळात काय?

आपल्या डोळ्यांसमोर चित्र असतं ते पिळून पिळून बसवलेल्या नटाचं. पण बोल्ट ही एक स्प्रिंग आहे. अतिशय ताठ, पण स्प्रिंगच. नट फिरला की बोल्ट ताणला जातो, आणि ताणलेला बोल्ट परत आखडायला बघतो म्हणून मधले दोन पत्रे एकमेकांवर दाबले जातात. आपल्याला हवा असतो तो हा ताण. पिळणं हा फक्त त्या ताणापर्यंत जायचा रस्ता. वरच्या छत्तीसच्या बोल्टमध्ये अपेक्षित ताण असतो ५१० किलोन्यूटन, म्हणजे बावन्न टनांच्या आसपास. दोन भरलेले दहाचाकी ट्रक एका बोल्टला टांगल्यासारखं झालं हे! आणि एवढ्या ताणाने वीतभर लांबीचा बोल्ट वाढतो किती? अर्धा मिलिमीटर. सगळा खेळ या अर्ध्या मिलिमीटरचा आहे.

आणि हा अर्धा मिलिमीटर पान्याला दिसत नाही. पान्याला दिसतो फक्त विरोध. तुम्ही लावलेल्या टॉर्कपैकी ढोबळमानाने निम्मा नटाच्या बुडाखाली घासण्यात जातो, चाळीस टक्के आट्यांमध्ये घासण्यात जातो, आणि बोल्ट ताणायला उरतात जेमतेम दहा टक्के. नव्वद टक्के घर्षणाचे! म्हणजे घर्षण जरा इकडेतिकडे झालं की त्या दहा टक्क्यांची वाट लागते.

तोच बोल्ट, तोच पाना, तेच २८०० न्यूटन-मीटर. आट्यांना आणि नटाच्या बुडाला ठरलेली पेस्ट नीट लावली असेल तर ताण येतो ५१० च्या जवळ. पेस्ट लावायची राहिली, आटे कोरडे, तर तो साधारण ३९० वर येतो. म्हणजे पाव भाग गायब. आणि कोणी उत्साहाने भलतंच निसरडं काहीतरी थापलं, तर हाच आकडा पावणेआठशेच्या घरात जातो, जिथे बोल्ट कायमचा ताणला जायला लागतो, म्हणजे स्प्रिंग म्हणून तो मेला. तिन्ही वेळा पाना ‘२८०० झाले’ असंच सांगणार. तिन्ही वेळा कागदावर टिकमार्क. पान्याच्या कॅलिब्रेशन सर्टिफिकेटवर लिहिलेलं असतं अधिक-उणे तीन टक्के, आणि ते खरंही असतं. पण टॉर्कवरून मिळालेल्या ताणात अधिक-उणे पंचवीस-तीस टक्के फरक पडणं ही या धंद्यातली नेहमीची गोष्ट आहे.

आमच्या धंद्यात याला टेस्ट हिरवी होणं म्हणतात. टेस्ट हिरवी आहे, प्रोग्रॅम बरोबर आहे की नाही ते ग्राहक सांगेल. फरक इतकाच, की आमचं चुकलं तर सोमवारी पॅच निघतो.

आता कोणी मेकॅनिकलवाला हे वाचत असेल तर हसेल, की बाबा रे, हे आम्हाला पहिल्यापासून माहीत आहे, डिझाइन करताना हा फरक धरलेला असतो. मान्य. माझं भांडण टॉर्कशी नाहीच. ठरलेली पेस्ट, स्वच्छ आटे, ठरलेला क्रम, एकदम न आवळता टप्प्याटप्प्याने आवळणं, हे सगळं पाळलं तर टॉर्कची पद्धत चांगली चालते, जगभर चालते आहे. भांडण आहे ते ‘मोठं मशीन आणलंय म्हणजे काम पक्कं’ या समजुतीशी. मशीनचं भाडं बिलात दिसतं. पेस्टचा डबा आणि तारेचा ब्रश दिसत नाही. घाई झाली की काय वगळलं जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

माझा एक मामेभाऊ पवनचक्क्यांच्या देखभालीत आहे. पुण्याची मंडळी ठोसेघरचा धबधबा बघायला जातात, तिथून पुढे चाळकेवाडीच्या पठारावर ज्या पांढऱ्या पवनचक्क्यांसमोर फोटो काढतात, त्या भागातच त्याचं काम असतं. गेल्या हिवाळ्यात त्याने परवानगी काढून मला एका मनोऱ्याच्या तळाशी उभं केलं, हेल्मेट वगैरे घालून. आत दोघं जण बोल्ट तपासत होते. एकाच्या हातात पंपाचा रिमोट, दुसरा पाना एका नटावरून उचलून पुढच्यावर बसवणारा. प्रत्येक नटावरून खाली फ्लँजपर्यंत मार्करची एक रेघ ओढलेली होती. मी विचारलं, ही कशाला?

‘‘नट फिरला तर रेघ तुटती, लगेच कळतंय,’’ पानावाला म्हणाला.

‘‘आणि रेघ नीट असेल तर सगळं ओके?’’

‘‘तर नट फिरला नाही एवढंच कळलं, सर. ताण कमी झाला का ते रेघ कशी सांगंल?’’

बारावीनंतर आयटीआय केलेला पोरगा. त्याने एका वाक्यात जे सांगितलं ते बऱ्याच तपासणी-अहवालांत सापडत नाही. नट जागचा न हलतासुद्धा ताण उतरू शकतो. दोन पत्र्यांमधला रंगाचा जाड थर हळूहळू दबतो, पृष्ठभागावरचे बारीक उंचवटे चेपतात. एवढ्या फरकाने त्या अर्ध्या मिलिमीटरमधला हिस्सा कमी होतो. म्हणून तर उभारणीनंतर काही शे तास चक्की चालली की बोल्ट पुन्हा आवळायचे असतात. आणि याच्या उलटही होतं: जुना, गंजलेला नट २८०० ला हलत नाही, पाना म्हणतो पास, पण त्याला गंजाने धरून ठेवलेलं असतं. आत ताण किती आहे, देवाला ठाऊक.

मग ताण थेट मोजता येत नाही का? येतो. निरनिराळ्या धंद्यांनी आपापल्या परीने घर्षणाला बगल दिलेली आहे, आणि त्यातल्या काही युक्त्या फार सुंदर आहेत. हायड्रॉलिक टेन्शनर नटाला पिळतच नाही. तो बोल्टचं वर आलेलं टोक पकडून सरळ ओढतो, ताणलेल्या अवस्थेत नट हाताने खाली बसवायचा आणि दाब सोडायचा. जहाजांच्या मोठ्या इंजिनांत, अणुभट्टीच्या झाकणाच्या स्टडांना हीच पद्धत. (दाब सोडताना थोडा ताण उतरतो, तो हिशोबात धरावा लागतो. फुकट काहीच नसतं.) वाफेच्या टर्बाइनच्या जाडजूड स्टडांना मधोमध आरपार भोक असतं. त्यात तापवायची कांडी घालतात, स्टड गरम होऊन लांबतो, नट ठरलेल्या कोनातून फिरवतात, आणि मग नुसतं गार व्हायची वाट बघत बसतात. गार होताना तो स्वतःच स्वतःला आवळतो. १९४३ साली खुला झालेल्या हावडा पुलाच्या रिव्हेटही याच तत्त्वावर बसल्यात. तापवून ठोकलेली रिव्हेट गार झाली की पत्रे आवळून धरते. इमारतींच्या पोलादी सांगाड्यात वेगळीच तऱ्हा, तिथे बारीक फुगवटे असलेले वॉशर वापरतात. ताण आला की फुगवटे चपटे होतात, किती झाले ते पातळ पट्टी घालून बघायचं. आणि सगळ्यात नेमकं हवं असेल तर अल्ट्रासाउंड. बोल्टच्या टोकावरून आवाजाची लहर सोडायची आणि ती परत यायला किती वेळ लागला त्यावरून बोल्ट किती लांबला ते काढायचं. तोच तो अर्धा मिलिमीटर, सरळ मोजलेला.

प्रत्येक बोल्टला हे करा असं मी म्हणत नाही, परवडणार नाही. पण शंभरातल्या पाच-दहांना तरी करा ना! निदान आपला पाना आणि आपली पेस्ट मिळून खरंच किती ताण देतात ते कळेल.

आता इथे थांबून ‘ताण मोजा, सुखी व्हा’ म्हणता आलं असतं. पण अमेरिकेतल्या एका पुलाने तेही सोपं ठेवलेलं नाही. सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंडला जोडणाऱ्या बे ब्रिजचा एक तुकडा १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपात कोसळला, म्हणून पूर्वेकडचा भाग नव्याने बांधायला घेतला. त्यातल्या ई-२ नावाच्या खांबावर, भूकंपात पूल आडवा सरकू नये म्हणून पोलादी ठोकळे बसवले होते, आणि ते धरून ठेवायला तीन इंच व्यासाचे लांबलचक पोलादी रॉड. त्यांतले ९६ रॉड २००८ सालीच खांबाच्या माथ्यात घालून ठेवले होते. नंतर वर पुलाचा सांगाडा आला, त्यामुळे ते बाहेर काढायची सोय उरली नाही. ज्या भोकांत ते होते त्यांत पाणी साचत राहिलं. मार्च २०१३ मध्ये ते ताणले. पान्याने पिळून नव्हे, हायड्रॉलिक जॅकने, नीट दाब मोजून. त्या वेळी काही झालं नाही. मग पुढच्या काही दिवसांत, कोणीही हात न लावता, ते एकेक करून तुटायला लागले. ९६ पैकी ३२!

कारण निघालं हायड्रोजनमुळे येणारा ठिसूळपणा. पोलाद जितकं जास्त मजबूत आणि कडक, तितकं या रोगाला बळी पडणारं. ओलसर जागी हायड्रोजनचे अणू पोलादात शिरतात, ताण नसेपर्यंत गप्प बसतात, आणि ताण दिला की आतल्या आत चीर वाढवत नेतात. रॉड बदलता येत नव्हते, म्हणून खांबावर नवीन पोलादी खोगीर चढवून ते काम दुसऱ्या वाटेने करायची योजना झाली. तोवर तात्पुरता आधार देऊन २ सप्टेंबर २०१३ ला पूल खुला केला गेला. तर मोजमाप चोख होतं, ताकद चोख होती. पण तो रॉड पाच वर्षं कुठे आणि कसा पडून होता, हेही ‘घट्ट’मध्येच येतं. लंडनच्या लेडनहॉल बिल्डिंगमध्येही २०१४ साली मोठे बोल्ट तुटले ते याच रोगाने.

यात कोणी दगावलं नाही, म्हणून निवांत लिहिता येतं. सायबेरियातल्या सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्राबद्दल तसं लिहिता येत नाही. येनिसेई नदीवरचं अवाढव्य धरण, ६४० मेगावॉटचा एकेक संच, असे दहा. १७ ऑगस्ट २००९ च्या सकाळी दुसऱ्या संचाच्या टर्बाइनचं झाकण धरून ठेवणारे स्टड तुटले. खालून दोनशे मीटरहून उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. झाकण उडालं, पाठोपाठ नऊशे टनांहून जड रोटर जागेवरून उखडून वर आला आणि पाणी यंत्रगृहात घुसलं. ७५ माणसं गेली.

नंतर जे ४९ स्टड सापडले त्यांची तपासणी झाली. ४१ स्टडांत थकव्याच्या चिरा होत्या. आठ स्टड असे, की त्यांचा नव्वद टक्क्यांहून जास्त छेद आधीच चिरलेला होता. म्हणजे त्या सकाळी ते दिसायला अख्खे होते, पण धरून होते जेमतेम दहाव्या हिश्शाने. आणि निदान सहा स्टडांना नटच नव्हते.

हे वाचून मी बराच वेळ नुसता बसलो होतो. चिरा डोळ्यांना दिसत नाहीत, त्यासाठी यंत्र लागतं, ठीक आहे. पण नट? त्या संचाची दुरुस्ती त्याच वर्षी जानेवारी ते मार्चमध्ये झाली होती. त्याचं कंपन वाढतंय हेही नोंदींत दिसत होतं. संच चालू राहिला. नट नाही हे बघायला ना अल्ट्रासाउंड लागतं, ना टेन्शनर. एक माणूस, एक टॉर्च, आणि ‘आज संच बंद ठेवा’ असं म्हणायचा त्याला अधिकार. यातलं तिसरं सगळ्यात महाग, आणि कुठल्याच कॅटलॉगमध्ये मिळत नाही.

अधिकारावरून चाळकेवाडीतल्या त्या रिमोटकडे येतो, कारण तो मला तेव्हापासून छळतोय. हायड्रॉलिक रेंचला स्वतःला टेकायला काहीतरी लागतं. नट एका दिशेने फिरवायचा तर पाना उलट दिशेने फिरू बघतो. म्हणून त्याला एक आखूड आडवा हात असतो, तो शेजारच्या नटावर टेकवतात. २८०० न्यूटन-मीटर आणि पंधरा सेंटिमीटरचा हात, म्हणजे टेकलेल्या जागी जवळजवळ १९०० किलोचा दाब. बोट मध्ये राहिलं तर बोट राहत नाही, इतकं सरळ आहे. हायड्रॉलिकला अंदाज नसतो, दया नसते, आणि गोंगाटात ‘थांब!’ ऐकू येत नाही.

आणि पाना बसवणारा एक, बटण दाबणारा दुसरा, ही पद्धत सर्रास चालते, कारण त्याने काम भरभर होतं. हा उचलतो, तो दाबतो, एक लय लागते. शंभर नटांची लय. ऐंशीव्या नटाला बसवणाऱ्याचा हात अर्धा सेकंद रेंगाळला, की लय त्याच्यासाठी थांबत नाही. दोघं कितीही अनुभवी असोत, एकमेकांशी कितीही जमत असो, ही व्यवस्था चूक आहे असं माझं ठाम मत आहे. बटण त्याच्याच हातात पाहिजे ज्याची बोटं त्या ठोकळ्याजवळ आहेत. दुसऱ्या माणसाला काम नाही असं नाही, खालच्या बाजूने बोल्ट धरायला, नोंद करायला तो लागतोच. पण बटण नाही. पान्यांना हात लांब ठेवणाऱ्या दांड्या मिळतात, दोन्ही हात गुंतवून ठेवणारे रिमोट मिळतात. पंपाच्या किमतीपुढे त्यांची किंमत किरकोळ आहे.

मी मामेभावाला हे बोललो. तो म्हणाला, त्यांच्याकडच्या एका टीमने तसं करून बघितलं. एका फ्लँजला वीस-पंचवीस मिनिटं जास्त लागली. ‘‘साहेबांनी विचारलं, उशीर का?’’

‘‘मग?’’

‘‘मग काय, आता ती वीस मिनिटं अंदाजपत्रकात कोण लिहितो ते बघायचं.’’